दत्ताकाका, ती फेसाची ओळ मी कापलेली

दत्ताकाका, अन्याय तुमच्यावर झाला. बुधवारी, सकाळी पावणेसातला, बी विंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे कॅन होते आणि लिफ्ट बंद होती. कुणावर, कधी, कुठे हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, नाहीतर माणूस कागद चुरगाळून खिशात टाकतो, हे मी पत्रकं लिहून लिहून शिकलोय. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. "सुरुवात बरी आहे, नेते. आता शिव्या सुरू करशील."

करणारच आहे. पण या वेळी शिव्यांच्या यादीत एक नाव माझंही आहे.

तुम्हाला जाऊन आज सहावा दिवस. सोमवार, म्हणजे तसंही तुमचं दुकान बंद असतं. हॉस्पिटलच्या कागदावर हृदय लिहिलंय, वय लिहिलंय. जिना लिहिलेला नाही, कॅन लिहिलेला नाही, पाणी हा शब्द कुठेच नाही. गेटवर माणसं एकमेकांना सांगतायत, "वय झालेलं हो त्यांचं." ऐकलं की डोकं फिरतं. त्रेसष्टाव्या वर्षी तुम्ही दिवसभर उभं राहून पंचवीस-तीस दाढ्या करत होतात. वय झालेलं नव्हतं. नळाला पिता येईल असं पाणी नव्हतं.

पुढचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण हा कागद चारही विंगच्या बोर्डावर लागणार आहे, आणि आपल्याकडे भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, म्हणून सांगून टाकतो. बिल्डरने दिवा गावाजवळचे हे फ्लॅट विकले तेव्हा गुळगुळीत कागदावर छापलेलं, चोवीस तास गोड पाणी. दिली एक बोअरवेल. तिच्या खारट पाण्यात आठवड्यातून दोनदा टँकरचं पाणी मिसळायचं आणि तेच नळाला सोडायचं. टँकर बिल्डरच्या भाच्याचा. पैसे आपले. पाइपलाइन कधी, विचारलं की, "प्रोसेसमध्ये आहे." म्हणून मी सभा घेतली आणि म्हटलं, टँकर आत येऊ द्यायचा नाही. आठ दिवस. भाच्याचा धंदा बसला की मामा बोलायला येईल. तोवर धुण्याभांड्याला नुसतं बोअरचं पाणी, आणि पिण्याचं दिवा गावातल्या एका आजीच्या अंगणातल्या नळावरून. तिला विचारायला गेलो तर म्हणाली, "भर रं पोरा, आमचे नलाला टाला नाय." ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत त्यांच्यासाठी तरुण पोरांनी कॅन न्यायचे. पाळ्या मी लावल्या. कागद मी चिकटवला. टाळ्या वाजल्या. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसून नखं बघत होतात.

आता तुमच्याबद्दल.

मला पहिल्यांदा तुमच्या खुर्चीत बाबांनी बसवलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि घरी चोरून केलेल्या दाढीने हनुवटीवर तीन जागी कापून घेतलेलं. तुम्ही चेहरा उजेडाकडे वळवलात आणि म्हणालात, "हे कुणी केलं? मांजराने?" मग ब्लेडला हात न लावता दहा मिनिटं मला नुसता फेस करायला लावलात. स्टीलची वाटी, तिच्यात दाबून बसवलेली साध्या साबणाची गोल वडी, किराणा दुकानात सर्वांत खालच्या फळीवर मिळते ती. मी ब्रश पाण्यात बुचकळला आणि खळाखळा फिरवला. वाटीभर पांढरं झालं. मी खूश.

"हे काय आहे?"

"फेस."

"हे बुडबुडे आहेत. फेस उभा राहतो." आणि माझ्या हातातली वाटी घेऊन तुम्ही माझ्याच मांडीवर उलटी केलीत. पँट भिजली. आरशासमोरची सगळी गिऱ्हाइकं खुर्च्यांत बसल्या बसल्या हसली.

मग दाखवलंत. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवायचं, तिला मऊ होऊ द्यायचं. ब्रश भिजत ठेवायचा, पण वापरताना झटकून झटकून जवळपास कोरडा करायचा. स्वस्त साबणाला पाण्याची घाई चालत नाही. आधी नुसतं घासायचं, कंटाळा येईपर्यंत, ब्रशला श्रीखंडासारखा लेप बसेपर्यंत. मग ब्रशची फक्त टोकं पाण्याला लावायची. पुन्हा घासायचं. पुन्हा टोकं. थेंब थेंब. "महाग क्रीम आळशी माणसाला पण फेस देतं. ह्याच्याकडून काढून घ्यावा लागतो." शेवटी तुम्ही वाटी पुन्हा माझ्या मांडीवर उलटी धरलीत. मी पाय आवळले. काही पडलं नाही. फेस तसाच चिकटून, वर टोक काढून, छताला टांगल्यासारखा.

तेव्हा तुम्ही वापरत होतात ते पाणी नळाचं नव्हतं. आरशाखाली एक काचेची बाटली असायची, तिचं. मला वाटायचं काही औषध असेल. खूप नंतर कळलं, गावातल्या आजीकडचं पाणी. दुकान उघडायच्या आधी रोज एक बाटली. कळव्याला तुमचं दुकान होतं तोवर अशी बाटली लागली नव्हती. इथे फ्लॅट घेतलात, खाली गाळा घेतलात, पहिल्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावर ब्रश फिरवलात आणि फेस फुटला. नासलेल्या दुधासारखा, कण कण. "बत्तीस वर्षांत माझ्या हाताने असं झालं नव्हतं," तुम्ही सांगायचात, "मला वाटलं साबण नकली आला. तीन वड्या फेकल्या मी. चौथ्या वडीला समजलं की साबण बरोबर आहे, फ्लॅट नकली आहे."

हे तुम्ही हसत सांगायचात. आयुष्यभराची कमाई घातलेल्या घराबद्दल. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचो, काका, हसताय काय, ओरडा की. तुम्ही म्हणायचात, गळ्यावर ब्लेड आहे, तू हलू नको.

टँकर आला की नाही, त्यात कितपत पाणी होतं, बोअर किती मिसळली, हे सोसायटीच्या कमिटीला कळायच्या आधी तुम्हाला कळायचं. सकाळी नळाच्या पाण्यात एक वाटी घासायची आणि बघायचं. "आज अर्धाच टँकर टाकलाय भाच्याने." एकदा मी पैज लावली आणि गच्चीवर टाकीत वाकून बघून आलो. अर्धाच होता.

मी तुम्हाला एकदा विचारलेलं, डब्यातला फोम का नाही ठेवत? पाण्याची कटकटच नाही, दाबला की फेस. पोरं तेच मागतात. तुम्ही म्हणालात, "ठेवलाय की, मागणाऱ्याला देतो. पण डबा दाबून आपल्या नळाचं पाणी सुधारतं का?" मी हे उत्तर वहीत लिहून घेतलं. वापरलं मात्र कधीच नाही. माझ्या पत्रकांत असली साधी वाक्यं बसायची नाहीत.

आपलं भांडण तिथेच होतं ना, काका. गेले तीन आठवडे तेच चाललेलं. मी पत्रकाचा मजकूर तुम्हाला वाचून दाखवला. पाणी हा मूलभूत हक्क, विकसकाची बांधिलकी, संघटित लढा, सगळं होतं. तुम्ही खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "ह्यात पाणी लय पडलंय, तुष्या. बुडबुडे."

"मग तुम्ही सांगा काय लिहू."

"लिही, आमच्या नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. बस."

"काका, लोक हसतील."

"हसू दे की. हसलेला माणूस पुढचं वाचतो तरी."

आणि मग ती तुमची योजना. मोर्चा नको, निवेदन नको. प्रत्येक घराने एक वाटी, एक साबणाची वडी, एक ब्रश आणि आपल्या नळाचं एक बाटली पाणी घ्यायचं, बिल्डरच्या दारात जायचं आणि त्यालाच सांगायचं, साहेब, एका दाढीपुरता फेस काढून दाखवा. मी तुमच्या तोंडावर हसलो. म्हटलं, आपण चळवळ करतोय की जादूचे प्रयोग? तुम्ही रागावला नाहीत. ब्लेडचा अर्धा तुकडा मोडून वस्तऱ्यात घातलात आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

तरी तुमचं मन राखायला ती ओळ मी पत्रकात घातली, अगदी तळाशी. मंगळवारी दुपारी डोंबिवलीच्या छापखान्यातून प्रूफ आलं, मोबाइलवर. मजकूर पानाबाहेर जात होता. छापणारा म्हणाला, एक ओळ कमी करा. मी दोन सेकंद पण विचार केला नाही. तुमची कापली.

आणि संध्याकाळी तुमच्याच दुकानात आलो, मदत मागायला.

हे मला जसं घडलं तसं लिहायचंय. तुम्ही खुर्ची पुसत होतात. मी दारात उभा राहून म्हणालो, "काका, उद्या सकाळी पाचव्या मजल्याची पाळी माझी आहे. मला पहाटे डोंबिवलीला पत्रकं आणायला जायचंय. कुणाला तरी सांगाल का?"

तुम्ही म्हणालात, "कुणाला कशाला सांगू. मी गावात जातोच बाटली भरायला. एक कॅन घेऊन येतो."

"पाच मजले आहेत, काका."

"मोजता येतं मला. माझी ओळ ठेवलीस ना?"

मी म्हणालो, "हो."

तुम्ही खूश झालात. खांद्यावरचा टॉवेल झटकलात आणि म्हणालात, "मग दोन कॅन आणतो, जा."

काकूंनाही हे माहीत नाही. आज बोर्डावर वाचतील.

काकूंचा फोन आला तेव्हा मी छापखान्याच्या पायरीवर गठ्ठे मोजत होतो. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "तुष्या, हे जिन्यात पडलेत. तू कुठे आहेस?" दोन हजार पत्रकं घेऊन मी परत आलो. मी पोचलो तेव्हा तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेऊन झालेलं आणि तिथून नको ते कळूनही झालेलं. जिना वाळत होता. एक कॅन फुटलेला, त्याचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलेलं. दुसरा कोपरा चेपून भिंतीला टेकून उभा होता. बूच घट्ट होतं. कुणीतरी तो उचलून तुमच्या दाराशी नेऊन ठेवला.

दुपारी तुम्हाला घरी आणलं. पाहुणे जमले, तयारी सुरू झाली. काकू तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसलेल्या. एकदम म्हणाल्या, "ह्यांची दाढी राहिलीय."

कोणीतरी म्हणालं, नाक्यावरच्या सलूनवाल्याला बोलावतो.

"नको. तुष्याला येते. ह्यांनी शिकवलीय त्याला."

मला आयुष्यात कुणी इतकं मोठं आणि इतकं भयंकर काम दिलेलं नाही. खाली जाऊन तुमची वाटी, ब्रश, वस्तरा घेऊन आलो. वडी भिजवली, ब्रश झटकला, सगळं तुम्ही सांगितलेलं केलं. घासत राहिलो. मोरीतल्या नळाचं पाणी. पाचव्या दिवसाची निव्वळ बोअर. लेप बसेचना. टोकं पाण्याला लावली आणि ते फुटलं. काळपट पांढरे कण, वाटीच्या कडेला चिकट वळी. पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं. पुन्हा तेच. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. तुमचा मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला, "राहू दे रे पोरा. कोरडीच फिरव, आता त्यांना काय लागणार आहे."

"कोरडी नाही," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या. दाराशी ठेवलेला तो चेपलेला कॅन ओढत आत नेला. कुणाला हात लावू दिला नाही. भांडंभर पाणी गॅसवर कोमट करून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

काका, त्या पाण्यात पहिल्याच वेळी फेस आला. घट्ट, पांढराशुभ्र. आणि मी सवयीने, विचार न करता, सगळ्यांसमोर वाटी उलटी धरली. काही पडलं नाही. मला तिथे पहिल्यांदा रडू आलं.

तुम्हीच आणलेल्या पाण्याने तुमची दाढी केली. डाव्या कानाखाली तुमचे केस उलटे वाढतात, तिथे वरून खाली नाही, खालून वर जायचं, हे तुम्ही आरशात स्वतःवर दाखवलेलं, ते आठवलं. गार गालावर ब्लेड वेगळं चालतं, हे तुम्ही शिकवलं नव्हतंत. कुठेही कापलं नाही. काकूंनी टॉवेलने पुसलं आणि म्हणाल्या, "आता बरे दिसताय."

गुरुवारी सकाळी गेटवर टँकर आला. बहिष्काराचा सहावा दिवस. गेट मीच उघडलं. बाहेरगावचे पाहुणे आलेले, तुमच्या घरात हात धुवायला धड पाणी नव्हतं, आणि पोरांतला एकही जण कॅन उचलायला तयार नव्हता. कोणत्या तोंडाने म्हणू, उचला? भाचा स्वतः पुढे बसलेला. काच खाली करून म्हणाला, "मिटलं काय तुमचं?" मी बाजूला झालो. दुपारी बिल्डरचा माणूस हार आणि सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके घेऊन आला. काकूंनी हार ठेवून घेतला. खोके परत दिले. "त्यांना सांगा, इतकं गोड पाणी असेल तर नळात सोडा." मी सात वर्षं घोषणा लिहितोय. असं वाक्य मला कधी जमलेलं नाही.

मला कुणी दोष दिला नाही, काका, हेच असह्य आहे. सगळे म्हणतात, तू तरी काय करणार. मी काय करणार? मी पाळीला उभा राहू शकलो असतो. पाच मजल्यांवर म्हातारी माणसं असताना आणि लिफ्ट बंद असताना आठ दिवसांचा आकडा तोंडातून काढण्याआधी स्वतः एकदा वीस लिटर वर नेऊन बघू शकलो असतो. तुम्हाला खरं सांगू शकलो असतो, की ओळ कापलीय. मग कदाचित तुम्ही एकच कॅन आणला असता. मी रोज हाच एक कॅन मोजत बसतो.

पण माझ्या चुकीच्या आड बिल्डरला लपू देणार नाही. पाळी माझी होती, पाइपलाइन त्याची होती. माझी चूक पाच दिवसांची, त्याची आपण इथे राहायला आलो त्या दिवसापासूनची. मी माझं नाव लिहून खाली सही केलीय. त्याने अजून स्वतःचं एक वाक्य लिहून दिलेलं नाही.

दोन हजार पत्रकं माझ्या पलंगाखाली आहेत. वाटणार नाही. रद्दीला घालीन. तुमची ओळ नसलेली पत्रकं नकोत मला.

काल मी कोलशेतला जाऊन आलो. त्याची नवीन स्कीम तिथे आहे, खाडीकडे तोंड करून. सॅम्पल फ्लॅट बघायला रविवारी गर्दी असते, आपल्यासारखीच माणसं, हातात मुलं, डोळ्यांत हिशोब. मीही गिऱ्हाईक म्हणून आत गेलो. संगमरवरासारखी फरशी, दारात कारंजं. टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, चोवीस तास गोड पाणी." अगदी तेच शब्द. मी विचारलं, "दाढीच्या साबणाला फेस येतो का?" तो हसला. म्हणाला, "सर, कसला प्रश्न आहे!" तुमचं खरं होतं, काका. हसला. आणि शेजारी उभी असलेली एक बाई हसली नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि त्या मुलाला विचारलं, "खरंच, नळ सोडून दाखवता का?" सॅम्पल फ्लॅटच्या नळाला पाणी नव्हतं.

म्हणून आता तुमच्याशी बोलणं थांबवतो आणि हा कागद उभ्याने वाचणाऱ्यांशी बोलतो.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता कोलशेतला त्या सॅम्पल फ्लॅटच्या दारात या. सही करायची नाही, वर्गणी द्यायची नाही, घोषणा द्यायची नाही. एक वाटी आणा. साधा साबण आणा, सर्वांत खालच्या फळीवरचा. आपल्या नळाचं बाटलीभर पाणी आणा, बायकांनी पण, ज्यांनी आयुष्यात ब्रश धरला नाही त्यांनी पण. कसं घासायचं ते मी शनिवारी संध्याकाळी दत्ताकाकांच्या दुकानात शिकवीन, शटर उघडं असेल. काकूंनी त्या कॅनमधलं उरलेलं पाणी ओतू दिलेलं नाही. त्यातली एक वाटी मी आणीन. त्या पाण्याचा फेस कसा उभा राहतो ते घर बघायला आलेल्या माणसांनी बघू दे.

मग तुम्ही तुमच्या वाट्या काढा. घासा. त्यांच्यासमोर, कंटाळा येईपर्यंत घासा. आणि जे काही होईल ते त्याच्या त्या चकचकीत फरशीवर उलटं करा.

तुषार, बी विंग